हातात गुलामांची जोडी

डेव्हिड स्क्लान्स्की हे पोकरच्या गणितातलं मोठं नाव. १९७० च्या दशकात लास वेगासमध्ये टेक्सस होल्डेम जोर धरत होतं, तेव्हा त्यांनी सुरुवातीला हातात येणाऱ्या दोन पत्त्यांची आठ गटांत प्रतवारी लावली. पहिल्या गटात पाचच हात बसले: एक्क्यांची, राजांची, राण्यांची आणि गुलामांची जोडी, शिवाय एकाच रंगाचे एक्का-राजा. बाकी सगळे खालच्या गटांत. म्हणजे गुलामांची जोडी अव्वल पंगतीतली. तरीही मुरलेल्या खेळाडूंना विचारलं, सगळ्यांत जास्त डोकं खाणारा हात कोणता, तर बरेच जण याच जोडीचं नाव घेतात. गुलाम खेळायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही चुकीच्या, हा पोकरच्या टेबलावरचा जुना विनोद आहे.

स्क्लान्स्की चुकले नव्हते. त्यांची प्रतवारी ‘लिमिट’ होल्डेमसाठी होती. त्या प्रकारात पैज किती वाढवायची हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे अंदाज चुकला तरी एक-दोन ठरावीक पैजांवर भागतं. आज जगभर खेळला जातो तो मुख्यतः ‘नो-लिमिट’ होल्डेम. त्यात समोरचा खेळाडू कोणत्याही क्षणी आपल्या सगळ्या चिप्स मध्ये सरकवू शकतो. जोडी तीच राहिली, पण चुकीची किंमत कित्येक पटींनी वाढली.

या प्रकरणाचं सूत्र त्यातूनच निघतं. लोक जे हात खेळायला घेतात, त्यांच्यापुढे गुलामांची जोडी फार बलवान आहे. लोक ज्या हातांवर सर्वस्व लावतात, त्यांच्यापुढे ती दुबळी आहे. डाव पुढे सरकतो तसतसे दुबळे हात गळत जातात आणि दुसऱ्या प्रकारचे हातच समोर उरतात. ही गळती कुठवर आली आहे, हे ज्याला ओळखता येतं त्याला ही जोडी पैसे मिळवून देते.

डावाची मांडणी

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या वाचकाला पोकरचा अर्धा भाग माहीतच असतो: पत्ते झाकलेले, पैज वाढत जाणारी, आणि समोरच्याच्या चालीवरून त्याच्या पत्त्यांचा अदमास घ्यायचा. फरक एवढाच, की तीन पत्तीत हातातले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकले पत्ते मिळतात आणि मग मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात. आधी एकदम तीन, त्यांना ‘फ्लॉप’ म्हणतात. मग चौथा, ‘टर्न’. मग पाचवा, ‘रिव्हर’. हातातले दोन आणि मधले पाच मिळून सातांपैकी सर्वोत्तम पाच पत्त्यांचा हात धरला जातो. पत्ते वाटल्यावर एकदा, आणि मधले पत्ते उघडल्यावर प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा पैजेच्या चार फेऱ्या होतात. म्हणजे एकाच जोडीची किंमत चार वेळा नव्याने ठरते.

डाव सुरू होण्यापूर्वी दोन खेळाडूंना सक्तीची पैज टाकावी लागते, लहान आणि मोठी ‘ब्लाइंड’. कोणाकडे किती चिप्स आहेत, हे मोठ्या ब्लाइंडच्या पटीत मोजतात. पुढच्या उदाहरणांत ‘शंभर ब्लाइंड’ म्हटलं की मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट चिप्स असा अर्थ घ्यावा.

आकडे काय सांगतात

बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी गुलामांच्या जोड्या फक्त ६. म्हणजे सरासरी २२१ वाटपांत एकदा हा हात येतो. त्याच्यावर मात करणाऱ्या जोड्या तीनच: राण्या, राजे, एक्के. तुमच्या हातात दोन गुलाम असताना समोरच्या एका खेळाडूकडे या तिन्हींपैकी एखादी जोडी असण्याची शक्यता दीड टक्क्यापेक्षाही कमी. नऊ जणांच्या भरलेल्या टेबलावर उरलेल्या आठांपैकी कोणाकडे तरी ती असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के. म्हणजे फ्लॉप उघडण्यापूर्वी दहातल्या जवळजवळ नऊ वेळा टेबलावर तुमच्याहून मोठी जोडी नसते. एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध डाव शेवटपर्यंत गेला, तर गुलाम सुमारे ७७ टक्के वेळा जिंकतात. एक्क्यांच्या जोडीचा तोच आकडा ८५ आहे. अंतर फार नाही.

मग फ्लॉप उघडतो, आणि चित्र पालटतं. मधल्या तीन पत्त्यांत आपल्या जोडीपेक्षा वरचा किमान एक पत्ता येण्याची शक्यता राजांच्या जोडीला सुमारे २३ टक्के असते, राण्यांच्या जोडीला ४१, गुलामांच्या जोडीला ५७ आणि दश्श्यांच्या जोडीला जवळपास ७०. या चार आकड्यांत गुलामांचा सगळा पेच आहे. राण्या घेऊन बसलेल्याला निम्म्याहून जास्त फ्लॉप निर्धोक मिळतात. गुलाम घेऊन बसलेल्याला निम्म्याहून जास्त फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का दिसतो. सीमारेषा नेमकी या दोन जोड्यांच्या मधून जाते. दश्श्या किंवा नव्व्या असल्या की खेळाडू मुळातच सावध असतो, थोडक्यात हात सोडून देतो. गुलाम इतके मोठे की सोडवत नाहीत आणि इतके लहान की निर्धास्त राहता येत नाही.

तिसरा गुलाम फ्लॉपवर येण्याची शक्यता सुमारे ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. एवढ्या आशेवर पूर्ण डाव उभा करता येत नाही. बाकीच्या वेळी आपल्याकडे असते ती नुसती जोडी, आणि तिच्या बळावरच निर्णय घ्यावे लागतात.

पत्ते वाटल्यानंतरची पहिली पैज

तुमच्या आधी कोणी पैज वाढवली नसेल, तर गुलामांवर ती तुम्ही वाढवायची. यात दुमत नाही. सर्वसाधारणपणे मोठ्या ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट. नवखे खेळाडू इथे दोन प्रकारे चुकतात. काही जण हात लपवायचा म्हणून नुसती ब्लाइंडएवढी रक्कम टाकतात. त्याने चार-पाच जण स्वस्तात आत येतात, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर फ्लॉपवरची राणी, राजा किंवा एक्का कोणाला तरी लागण्याची शक्यता वाढते. दुसरे काही जण फ्लॉपच्या भीतीने पहिल्याच चालीला पंधरा-वीस पट रक्कम टाकतात. त्याने दश्श्या, नव्व्या, एक्का-दश्शी असे कमी ताकदीचे हात पळून जातात, आणि थांबतात ते तुम्हाला हरवणारेच. भीतीपोटी टाकलेली मोठी पैज अशी उलटी गाळणी लावते: ज्यांच्याकडून पैसे मिळाले असते ते बाहेर, ज्यांना द्यावे लागतील ते आत.

तुमच्या आधी कोणी पैज वाढवली असेल, तर ती कोणी आणि कुठून वाढवली ते पाहायचं. होल्डेममध्ये बसण्याच्या जागेला फार महत्त्व आहे. वाटप ज्याच्या नावावर धरलं जातं तो ‘बटन’वर असतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो, त्यामुळे तो साध्यासुध्या हातांवरही पैज वाढवतो. त्याच्यावर पुन्हा पैज वाढवणं बहुधा बरोबर, कारण त्याच्या हातांतले बरेचसे गुलामांपेक्षा दुबळे असतात आणि त्यांतले काही तरीही खेळत राहतात. याउलट भरलेल्या टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्या, एरवी हात आखडून बसणाऱ्या खेळाडूने पैज वाढवली असेल, तर त्याचे हात निवडक असतात. तिथे नुसती बरोबरी करून फ्लॉप पाहणं शहाणपणाचं ठरतं.

आता खरा कसोटीचा क्षण घेऊ. दोघांकडेही शंभर ब्लाइंड आहेत. तुम्ही ३ टाकले, समोरच्याने ९ केले, तुम्ही २२ केले, आणि त्याने सगळे १०० मध्ये सरकवले. तुम्हाला आणखी ७८ टाकायचे आहेत. बाकीच्या दोघांच्या ब्लाइंड धरून ‘पॉट’, म्हणजे मध्ये जमलेली एकूण रक्कम, शेवटी २०१.५ होईल. ७८ भागिले २०१.५, म्हणजे साधारण ३९ टक्के. निदान एवढ्या वेळा जिंकलो तरच ही बरोबरी तोट्यात जात नाही.

आता तो कोणत्या हातांवर असं करेल? समजा फक्त राण्या, राजे, एक्के आणि एक्का-राजा. मोठ्या जोड्यांची प्रत्येकी ६ मिळून १८ रूपं, एक्का-राजाची १६. मोठ्या जोडीविरुद्ध गुलाम शंभरात जेमतेम १९ वेळा जिंकतात. एक्का-राजाविरुद्ध किंचित वरचढ, ५४ ते ५७. चौतीस रूपांची सरासरी काढली तर गुलामांच्या वाट्याला सुमारे ३६ टक्के येतात. हवे होते ३९. थोडक्यात, हात टाकून द्यावा.

याच माणसाच्या यादीत दश्श्यांची जोडी आणि एक्का-राणी आली, तर गुलामांचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास जातो. नव्व्याही आल्या की जवळपास पन्नास. पत्ते तेच, रक्कम तीच. फक्त समोरचा माणूस किती सैल खेळतो हे बदललं, आणि टाकून देण्याचा हात डोळे मिटून बरोबरी करण्याचा झाला. गुलामांविषयी कोणी छातीठोक एकच नियम सांगू लागला तर त्याला हे दोन आकडे दाखवावेत.

चिप्स कमी असतील तर हा काथ्याकूट बराचसा मिटतो. स्पर्धेत उशिराच्या टप्प्यावर पंचवीस ब्लाइंड उरलेला खेळाडू सगळ्या जोड्यांवर आणि एक्का-नव्वीसारख्या हातांवरही सर्वस्व लावतो. अशा यादीविरुद्ध गुलाम साठ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतात. तिथे घुटमळत बसणं हीच चूक.

फ्लॉप उघडल्यावर

समजा तुम्ही पैज वाढवली, एकाने बरोबरी केली आणि फ्लॉप आला नव्वी, पंजी, दुर्री. तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. गुलामांसाठी याहून चांगला फ्लॉप, तिसरा गुलाम सोडल्यास, क्वचितच मिळेल. इथे पैज लावायची, आणि दबकत लावायची नाही. नव्वी लागलेला, अठ्ठ्यांची जोडी धरून बसलेला, दश्श्या सोडवत नसलेला, असे बरेच जण पैसे देतील. शिवाय घाई करायला कारण आहे. फ्लॉप निर्धोक असला तरी टर्न आणि रिव्हर मिळून वरचा एखादा पत्ता उघडण्याची शक्यता ४५ टक्के उरते. आज ज्याची किंमत आहे ती उद्या राहीलच असं नाही. म्हणून वसुली आत्ता.

दुसरा प्रकार: एकच वरचा पत्ता. समजा राजा, सत्ती, तिर्री. इथे बहुतेकांचा तोल जातो; काही जण राजा दिसताच हात टाकतात, काही जण राजा नाहीच असं धरून तीन-तीन पैजा लावतात. आकडा पाहिला तर दोन्ही टोकं चूक ठरतात. समोरच्याकडे कोणतेही दोन पत्ते असते, तर त्यांत किमान एक राजा असण्याची शक्यता साडेबारा टक्के, म्हणजे आठात एकदा. पण त्याने पैसे टाकून फ्लॉप पाहिला आहे, म्हणजे त्याचे पत्ते निवडलेले आहेत. त्यांत मोठे पत्ते जास्त असणार. तरीही बहुतेक वेळा राजा त्याला लागलेला नसतो. म्हणून या फ्लॉपवर एखादी लहान पैज लावावी किंवा एकदा ‘चेक’ करून, म्हणजे पैज न लावता, पुढे जावं. पूर्ण डावात एक, फार तर दोन मध्यम पैजा, एवढाच या जोडीचा आवाका धरायचा. तिसरी मोठी पैज स्वीकारायची वेळ येते तेव्हा समोर राजा नसलेला माणूस फारसा उरलेला नसतो.

वरचा पत्ता राणी आहे, राजा आहे की एक्का, यानेही फरक पडतो. लोक एक्का असलेले हात सर्वांत जास्त खेळतात, म्हणून एक्का उघडला की सर्वांत जास्त सावध व्हावं. राणी उघडली की तुलनेने कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव याच जातीचा होता. पॉल वासिका यांच्याकडे गुलामांच्या एक पायरी खालची, दश्श्यांची जोडी होती. फ्लॉप आला राणी, अठ्ठी, पंजी. जेमी गोल्ड यांनी सगळ्या चिप्स लावल्या आणि सवयीप्रमाणे बोलत राहिले. वासिका यांनी बरोबरी केली. गोल्ड यांच्याकडे राणी-नव्वी होती. ८,७७३ खेळाडूंची स्पर्धा आणि १ कोटी २० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस तिथेच निकालात निघालं.

तिसरा प्रकार: दोन वरचे पत्ते, किंवा तीन-चार जण अजून डावात. राजा आणि राणी दोन्ही समोर आहेत, पुढच्याने पैज लावली, मधल्याने बरोबरी केली. इथे गुलाम शांतपणे टाकायचे. एकाला दोनांपैकी एकही पत्ता लागला नसेल असं म्हणता येईल. दोघांनाही लागला नसेल यावर पैसे लावणं महागात पडतं.

चौथा प्रकार सर्वांना आवडतो: फ्लॉपवरच तिसरा गुलाम. इथे हळू खेळण्याचा मोह टाळावा. पॉट पहिल्याच फेरीपासून वाढत गेला तरच रिव्हरवर समोरच्याच्या सगळ्या चिप्स मागता येतात. गुलाम, दश्शी, अठ्ठी असा फ्लॉप असेल तर पुढचा एखादा पत्ता कोणाचा तरी सिक्वेन्स पुरा करू शकतो. असे पत्ते फुकटात दाखवायचे नाहीत.

ॲफ्लेक आणि द्युआमेल

या जोडीचा स्वभाव एकाच डावात पाहायचा असेल, तर २०१० सालच्या मुख्य स्पर्धेकडे वळावं लागतं. ७,३१९ जणांनी सुरू केलेल्या त्या स्पर्धेत पंधरा उरले होते. पुढचे सहा बाहेर गेले की उरलेले नऊ अंतिम टेबलावर. कॅनडाचा तरुण खेळाडू जोनाथन द्युआमेल याच्याकडे गुलामांची जोडी आली. त्याने पैज वाढवली, अमेरिकेच्या मॅट ॲफ्लेकने त्याच्यावर वाढवली, द्युआमेलने पुन्हा वाढवून ती सुमारे ३९ लाख चिप्सवर नेली. ॲफ्लेकने नुसती बरोबरी केली. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी होती.

फ्लॉप आला दश्शी, नव्वी, सत्ती. वरचा एकही पत्ता नाही. वर अठ्ठी आली तर सत्तीपासून गुलामापर्यंत सिक्वेन्स. द्युआमेलने चेक केलं, ॲफ्लेकने ५० लाख लावले, द्युआमेलने बरोबरी केली. टर्नला राणी उघडली. या एका पत्त्याने दोन उलट कामं केली. गुलामांच्या वरचा पत्ता आला, म्हणजे जोडी आणखी उणी पडली. आणि नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी चार पत्त्यांची ओळ तयार झाली, म्हणजे आता अठ्ठीबरोबरच राजाही चालणार होता. ॲफ्लेकने उरलेल्या सुमारे १ कोटी १६ लाख चिप्स मध्ये सरकवल्या. द्युआमेल बराच वेळ विचार करत राहिला आणि त्याने बरोबरी केली.

हिशेब मांडून पाहू. पॉट शेवटी सुमारे ४ कोटी १६ लाखांचा होणार होता, त्यात त्याने टाकायचे १ कोटी १६ लाख. म्हणजे बरोबरी फायद्यात यायला सुमारे २८ टक्के विजय हवे. एक्क्यांच्या जोडीविरुद्ध त्याच्या कामाचे पत्ते दहा: चार अठ्ठ्या, चार राजे, दोन गुलाम. न दिसलेले ४४ पत्ते. दहा भागिले ४४, साधारण २३ टक्के. ॲफ्लेकचे पत्ते उघडे असते तर ही बरोबरी चुकीची होती.

पण पत्ते झाकलेले होते. ॲफ्लेक हीच चाल एक्का-राजावर करू शकला असता, आणि तसं असतं तर गुलाम दहातल्या जवळपास नऊ वेळा जिंकले असते. नऊ वेळा एक्क्यांची जोडी आणि फक्त एकदा एक्का-राजा असं धरलं, तरी सरासरी २९ टक्क्यांवर जाते आणि बरोबरी काठावर पार होते. उलट, त्याच्या यादीत राजांची जोडी जास्त धरली तर आकडा घसरतो, कारण मग दोन राजे त्याच्याच हातात असतात आणि तिसरा गुलाम आला तर सिक्वेन्स त्याचा पुरा होतो. त्यात स्पर्धेचा नियम वेगळा: गमावलेल्या चिप्सची किंमत कमावलेल्या चिप्सपेक्षा जास्त, कारण चिप्स संपल्या की माणूस बाहेर. हे सगळं धरलं तर द्युआमेलची बरोबरी धाडसाचीच म्हणावी लागते.

रिव्हरला अठ्ठी आली. ॲफ्लेक पंधराव्या क्रमांकावर बाहेर पडला. द्युआमेल नोव्हेंबरात झालेली अंतिम फेरी जिंकून सुमारे ८९ लाख डॉलरचा मानकरी ठरला.

या डावाशेजारी त्याच्या आदल्या वर्षीचा एक डाव ठेवावा. २००९ च्या अंतिम टेबलावर जेफ शुलमन यांच्याकडे गुलामांची जोडी होती आणि समोर सगळं लावून बसलेला एकवीस वर्षांचा जो काडा, त्याच्याकडे तिर्र्यांची. गुलाम अशा वेळी शंभरात ८० च्या वर जिंकतात. फ्लॉपवर तिसरी तिर्री आली. काडा वाचला आणि पुढे विजेता झाला, या स्पर्धेचा सर्वांत तरुण. एका वर्षी वरचढ गुलाम हरले, दुसऱ्या वर्षी पिछाडीवरचे गुलाम जिंकले. निकालावरून निर्णयाची पारख करणाऱ्याने या दोन डावांतून नेमका उलटा धडा घेतला असता. चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणी शुलमन यांची बाजू भक्कम होती आणि द्युआमेलची कच्ची.

तक्रार कुठून येते

गुलाम आपल्याला नेहमी बुडवतात, असं बहुतेक खेळाडूंना मनापासून वाटतं. नीट नोंद ठेवली तर ते पटत नाही. लांब पल्ल्यात ही जोडी सर्वांत फायद्याच्या मोजक्या हातांपैकी आहे. असं वाटण्याचं कारण जिंकण्या-हरण्याच्या आकारात आहे. गुलाम जिंकतात तेव्हा बरेचदा ब्लाइंड किंवा एखादी पैज पदरात पडते, आणि तो डाव कोणाच्या लक्षात राहत नाही. पॉट प्रचंड होतो तेव्हा मात्र समोर राण्या किंवा राजे असण्याची शक्यता वाढलेली असते, आणि तो पराभव विसरता येत नाही.

पक्का नियम हवा असणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘प्लुरिबस’ या संगणक-प्रणालीने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं. अशा प्रणाली तोच हात, तीच जागा असतानाही कधी पैज वाढवतात, कधी नुसती बरोबरी करतात. ठरावीक प्रमाणात आणि नशिबावर सोडून. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणिताचा पाया घातला, तेव्हापासून हे तत्त्व ओळखीचं आहे: जो नेहमी एकच करतो त्याचे पत्ते त्याच्या चालीवरून वाचता येतात. गुलामांसारख्या सीमेवरच्या हातात ही मिसळण सर्वांत जास्त दिसते, कारण तिथे दोन्ही चालींचा फायदा जवळपास सारखा असतो. म्हणूनच तो जुना विनोद उलटाही सांगता येईल: तीन पद्धती आहेत, आणि योग्य जागी तिन्ही बरोबर.

एक व्यवहाराची गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत पोकरची टेबलं आहेत. पण वरचं सगळं गणित शिकायला त्यांतलं काहीच लागत नाही. चार मित्र, पत्त्यांचा एक कॅट आणि प्रत्येकी शंभर चिंचोके पुरतात.

खेळताना एवढे सगळे आकडे कोणी मनात फिरवत नाही. प्रत्येक पैजेआधी एक प्रश्न मात्र विचारता येतो: ही पैज लावल्यावर माझ्यापेक्षा दुबळा हात असलेला कोणी थांबेल का? उत्तर हो असेल तोवर गुलामांवर पैसे लावत राहावं. थांबतील ते फक्त मला हरवणारेच, असं दिसू लागलं की हात आखडावा. आणि समोरच्याने सर्वस्व लावलं, तर तो काय काय घेऊन असं करेल याची यादी करावी; त्या यादीत एक्का-राजा किती आणि मोठ्या जोड्या किती, यावर निर्णय सोडावा. पुढच्या प्रकरणात याच यादीतल्या त्या दुसऱ्या पाहुण्याकडे, एक्का-राजाकडे, जायचं आहे. त्याच्याकडे सुरुवातीला जोडीसुद्धा नसते, तरी गुलामांच्या जोडीपुढे तो जवळपास बरोबरीत उभा राहतो. तो फ्लॉपवर सुधारण्याच्या आशेवर जगतो आणि गुलाम काहीही न बिघडण्याच्या आशेवर, त्यामुळे दोघांना खेळवण्याची रीतही उलटी आहे.